स्टाफकडून नव्या आयडिया याव्यात असं वाटत असेल तर एचओडी आणि प्रिन्सिपलनी काय करायचं

आमच्या स्टाफला नवीन काही सुचतच नाही असं कॉलेजातलं कुणी म्हणालं की मला पटत नाही. सुचतं, रोज सुचतं. अॅडमिशनच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला माहीत असतं की फॉर्ममधला कुठला रकाना मुलं हमखास चुकवतात, लॅब असिस्टंटला माहीत असतं की कुठल्या प्रॅक्टिकलचा अर्धा वेळ नुसता सामान शोधण्यात जातो, पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या नव्या मॅडमना कळलेलं असतं की तिसऱ्या आठवड्यात मुलांचं घोडं नेमकं कुठे अडतं. यातलं वरपर्यंत किती पोचतं हा खरा प्रश्न आहे, आणि ते पोचणं बरंचसं वर बसलेल्या माणसाच्या वागण्यावर ठरतं. त्यामुळे हे लिहितोय ते एचओडी (म्हणजे विभागप्रमुख), डीन, प्रिन्सिपल, रजिस्ट्रार, ग्रंथपाल, थोडक्यात ज्यांच्या हाताखाली चार माणसं काम करतात अशा सगळ्यांसाठी.

आधी एक उदाहरण देतो. ऑनलाइन शिकवणाऱ्या बहुतेकांनी मूडल हे ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर कधी ना कधी वापरलेलं असतं. ते ज्याने बनवलं तो मार्टिन डूगियामास ऑस्ट्रेलियात पर्थच्या कर्टिन युनिव्हर्सिटीत वेबसीटी नावाची विकत घेतलेली कोर्स सिस्टिम सांभाळायचा. त्या सिस्टिमला वैतागूनच त्याने स्वतःची बनवायला घेतली, २००२ च्या ऑगस्टमध्ये तिचं पहिलं पूर्ण व्हर्जन आलं आणि ते जगात कुणालाही फुकट वापरता आलं. म्हणजे जगभरच्या कॉलेजांत पोचलेली ही गोष्ट सिस्टिम सांभाळणाऱ्या एका माणसाच्या रोजच्या त्रासातून निघाली. तुमच्याकडेही कुठल्या ना कुठल्या सिस्टिमला वैतागलेली माणसं आहेतच की. त्यामुळे स्टाफ कुरकुर करतो तेव्हा हे नेहमीचंच म्हणून सोडून देऊ नका, विचारा की बरं, तुमच्या हातात असतं तर तुम्ही हे कसं केलं असतं, आणि मग गप्प बसून ऐका.

इन्क्लुसिव्ह लीडरशिप, म्हणजे सगळ्यांना सामील करून घेणारं नेतृत्व, हा शब्द हल्ली सगळ्या प्रेझेंटेशनमध्ये असतो पण सोमवारी सकाळी ऑफिसात गेल्यावर नेमकं काय करायचं हे त्यातून कळत नाही. मला सगळ्यात कामाचा वाटतो तो अब्राहम कारमेली, रॉनी रायटर-पामन आणि एनबाल झिव यांचा २०१० चा अभ्यास. त्यांनी साहेबाच्या वागण्यातल्या तीनच गोष्टी धरल्या, एक म्हणजे नवं ऐकायला मन तयार आहे का, दुसरं अडलं तर तो वेळ देतो का, आणि तिसरं त्याच्यापर्यंत सहज पोचता येतं का. जिथे या तीन गोष्टी होत्या तिथे लोकांना बोलायला भीती वाटत नव्हती आणि त्यामुळे ते नवं काही करून बघण्यात जास्त उतरत होते. लिन शोर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्यात आणखी एक महत्त्वाची बाजू मांडली, की माणसाला आपण इथलेच आहोत असंही वाटलं पाहिजे आणि आपलं वेगळेपण इथे चालतं, नुसतं चालत नाही तर उपयोगी पडतं असंही वाटलं पाहिजे. पहिलं देऊन दुसरं विसरणारी कॉलेजं खूप आहेत. सगळे एका कुटुंबासारखे, गोडीगुलाबीने राहतात, पण वेगळं बोलणारा माणूस लगेच उपरा ठरतो. तिथे नवीन काही उगवत नाही.

पहिल्या दोन मिनिटांत तुम्ही काय म्हणता

माझ्या मते निम्मा खेळ इथेच आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. कुणीतरी तुमच्याकडे एक अर्धवट आयडिया घेऊन येतं. ती अर्धवटच असणार, पूर्ण झालेली असती तर तुमच्याकडे यायची गरजच नव्हती. आणि आपल्या तोंडून पटकन जे निघतं ते ठरलेलं असतं, हे आधी करून झालंय, नियमात बसत नाही, बजेट कुठून आणायचं, बरं लेखी द्या बघू. यातलं प्रत्येक वाक्य खरं असू शकतं. पण ते पहिलं वाक्य म्हणून आलं की समोरचा माणूस परत येत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे तो स्टाफरूममध्ये जाऊन चहा पिता पिता सांगतो की काही उपयोग नाही, मग बाकीचेही येत नाहीत. एका माणसाला दिलेलं उत्तर सगळ्या विभागाला मिळालेलं असतं.

टिम बर्नर्स-ली सर्न या संशोधन संस्थेत काम करत होता तेव्हा १९८९ च्या मार्चमध्ये त्याने माहिती एकमेकांना जोडण्याचा एक प्रस्ताव त्याचा बॉस माइक सेंडॉल याला दिला. सेंडॉलने त्यावर शेरा मारला, मोघम आहे पण भन्नाट आहे. तो प्रस्ताव काही लगेच मंजूर झाला नाही, पण फाइलमध्ये गाडलाही गेला नाही, आणि पुढच्या वर्षी सेंडॉलनेच त्याला नेक्स्ट कंपनीचा एक कॉम्प्युटर घ्यायला आणि त्यावर काम करून बघायला वाव दिला. त्यातून वर्ल्ड वाइड वेब उभं राहिलं. मला यात बॉसचं वागणं शिकण्यासारखं वाटतं. त्याने मोघम आहे हे लपवलं नाही, उगाच वाहवा केली नाही, आणि करून बघायला जे लागत होतं ते मिळू दिलं.

तर तुम्ही काय म्हणायचं? मी तीन प्रश्न सुचवतो, याच क्रमाने. यामुळे कुणाचा त्रास कमी होईल? हे सगळ्यात छोट्या प्रमाणात कसं करून बघता येईल? आणि माझ्याकडून तुम्हाला काय पाहिजे? नियम, बजेट, वरची परवानगी हे सगळं चौथ्या नंबरला, आणि तेव्हाही नियमात बसत नाही असं म्हणायच्या आधी तो नियम स्वतः उघडून वाचा, कारण कॉलेजात नियम म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं कुणीतरी कधीतरी पाडलेली पद्धत असते. आणि खरंच आधी करून झालं असेल तर तेही नीट सांगा, तेव्हा कुणी केलं होतं, कशामुळे फसलं, आणि आता काय बदललंय, शक्य असेल तर तेव्हा ज्यांनी केलं त्यांच्याशी गाठ घालून द्या, म्हणजे तोच अनुभव अडथळा न होता मदत होतो.

उत्तर लगेच देता येणार नसेल तर तारीख सांगा. बघतो, विचार करतो, असं म्हणू नका. पुढच्या गुरुवारी सांगतो म्हणा आणि समोरच्याच्या देखत डायरीत लिहा. त्या गुरुवारी काहीच ठरलेलं नसेल तर तेवढंच सांगायला जा, पण जा.

पोचता येणं याबद्दलही एक गोष्ट. माझ्या केबिनचं दार सगळ्यांना उघडं आहे असं सांगणारे खूप असतात, पण केबिनमध्ये यायचं म्हणजे निमित्त लागतं, बाहेर कुणीतरी बघत असतं, टेबलाच्या पलीकडे तुम्ही बसलेले असता. आठवड्यातून एक ठरलेला तास लॅबमध्ये, लायब्ररीत, परीक्षा विभागात, हॉस्टेलच्या ऑफिसात जाऊन बसा, पाळीपाळीने, आणि तपासणीसाठी आल्यासारखं हातात फाइल घेऊन जाऊ नका. पहिले काही आठवडे कुणी काही बोलणार नाही, हवापाण्याच्या गप्पा होतील. होऊ द्या. तुम्ही नियमाने येता आणि ऐकलेलं कुणावर उलटत नाही हे दिसल्यावर लोक बोलायला लागतात.

जे बोलत नाहीत त्यांच्यापर्यंत कसं जायचं

कॉलेज ही उतरंडीची जागा आहे. प्रोफेसर, असोसिएट, असिस्टंट, मग कंत्राटी, मग तासावर शिकवणारे, आणि नॉन-टीचिंग स्टाफ तर बऱ्याच ठिकाणी या यादीतच धरत नाहीत. इंग्रिड नेम्बहार्ड आणि एमी एडमंडसन यांनी २००६ मध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांवर एक अभ्यास केला, तिथेही अशीच उतरंड, वर डॉक्टर आणि खाली नर्स आणि श्वसनाची मशीन बघणारे थेरपिस्ट. वरच्यांना बोलायला सुरक्षित वाटत होतं, खालच्यांना कमी. पण जिथे प्रमुख माणूस स्वतःहून सगळ्यांचं मत मागत होता आणि आलेल्या मताची कदर करत होता तिथे हा फरक कमी झालेला दिसला. म्हणजे पद तेच, पगार तोच, तरी प्रमुखाच्या वागण्याने फरक पडतो. मला ही गोष्ट फार आशा देणारी वाटते कारण हुद्दे काही आपल्याला बदलता येत नाहीत, वागणं बदलता येतं.

मत स्वतःहून मागायचं म्हणजे काही सूचना असतील तर सांगा असं सर्क्युलर काढायचं असं नाही, त्याला उत्तर येत नाही. नेमकं विचारायचं. परीक्षा विभागातल्या बाईंना विचारा, गेल्या सेमिस्टरला सगळ्यात जास्त वेळ कुठल्या कामात गेला आणि त्यातलं किती काम कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं? लॅब असिस्टंटला विचारा, एक गोष्ट बदलायची परवानगी असती तर कुठली बदलली असती? तासावर शिकवणाऱ्या सरांना विचारा, तुम्ही दुसऱ्या कॉलेजातही शिकवता, तिथलं काय इथे आणावंसं वाटतं. हा शेवटचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही आणि तिथे तर खजिना असतो, कारण चार ठिकाणी काम करणाऱ्या माणसाने चार पद्धती पाहिलेल्या असतात.

कंत्राटी आणि तासावरच्या लोकांची भीती खोटी नसते, त्यांचं पुढचं वर्ष खरंच कुणाच्या तरी सहीवर असतं. ती सही तुमची असेल तर स्पष्ट बोला, की इथे सांगितलेली अडचण किंवा फसलेला प्रयोग रिन्यूअलच्या वेळी मोजला जाणार नाही, आणि मग तसंच वागा, एकदा जरी उलटं वागलात तरी पुढे शब्दाला किंमत राहणार नाही. सही तुमची नसेल तर तुम्हाला देता येणार नाही असं आश्वासन देऊ नका. आणि तासावरच्या माणसाला मिटींगला बोलवत असाल तर त्या तासाचे पैसे द्यायची सोय करा. फुकट वेळ मागायचा आणि वर मन लावून विचार करा म्हणायचं, हे बरोबर नाही.

काही बारीक गोष्टी आहेत पण फरक पाडतात. मिटींग संध्याकाळी उशिरा ठेवली की ज्यांच्या घरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे ते कायम बाहेर राहतात, आणि बहुतेक वेळा त्या बायकाच असतात. मिनिट्स लिहायचं काम दरवेळी त्याच ज्युनिअर मॅडमना दिलं की त्या लिहितच बसतात आणि बोलायचं राहून जातं, ते काम पाळीपाळीने फिरवा. कागद आदल्या दिवशी पाठवा, ज्याला नीट दिसत नाही किंवा ऐकू येत नाही त्याला तर ते लागतातच पण विचार करून बोलणाऱ्या सगळ्यांनाच त्याचा उपयोग होतो. ज्या भाषेत लोक एरवी मोकळं बोलतात त्या भाषेत मिटींगमध्ये बोलू द्या. आणि एखाद्या समाजाची, गटाची एकच व्यक्ती तुमच्याकडे असेल तर दरवेळी तिलाच त्या गटाचं मत विचारू नका, तिचं स्वतःचं मत विचारा, तिच्या विषयातलं विचारा.

हे सगळं सुरू केलं की एक होणार आहे, तक्रारी वाढणार आहेत. घाबरू नका. एडमंडसन यांनीच आधी हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुका मोजल्या होत्या आणि त्यांना अपेक्षेच्या उलटं दिसलं, ज्या टीम चांगल्या होत्या तिथे चुकांची नोंद जास्त होती. उलगडा असा की तिथे लोक चूक सांगत होते, बाकी ठिकाणी दडवत होते. तेव्हा पहिल्या सेमिस्टरला अडचणींचा ढीग समोर आला तर आपलं काहीतरी बिघडलं असं समजू नका, आधीही त्या होत्याच.

मिटींग कशी घ्यायची

सगळे गोल बसा आणि सुचेल ते बोला ही पद्धत सगळ्यांना आवडते पण ती फारशी चालत नाही. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबं यांनी १९८७ मध्ये दाखवलं की गटात बसून जेवढ्या आयडिया निघतात त्यापेक्षा तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने काढलेल्या एकत्र केल्या तर जास्त निघतात, आणि मुख्य कारण साधं आहे, एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि तेवढ्यात त्यांचं सुचलेलं निसटतं किंवा आता सांगण्यात अर्थ नाही असं वाटतं. कॉलेजात तर जो थांबतो तो नेहमी ज्युनिअरच असतो. त्यामुळे प्रश्न फळ्यावर लिहा, सुरुवातीची दहा मिनिटं सगळ्यांना गप्प बसून कागदावर लिहू द्या, कागद गोळा करा, नाव न सांगता एकेक वाचा, मग चर्चा. चर्चेत सगळ्यात ज्युनिअर माणूस आधी बोलेल आणि तुम्ही सगळ्यात शेवटी. तुम्ही आधी मत दिलंत की बाकीचे त्या मताच्या आजूबाजूलाच फिरतात, कितीही प्रेमळ असाल तरी.

आणि प्रश्न खरा असला पाहिजे, ज्याचं उत्तर तुम्ही आधीच ठरवलेलं नाही असा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात इंटरनेटवरच्या शिक्षणाचं आपण काय करायचं हा विचार करायला एक कमिटी नेमली होती, आणि तो काळ असा होता की बाकीची विद्यापीठं ऑनलाइन कोर्स विकून पैसे कसे मिळवायचे हे बघत होती. कमिटीने २००० मध्ये सुचवलं की कोर्सचं मटेरियल सरळ फुकट टाकूया. वरच्यांनी ते मान्य केलं आणि २००१ मध्ये ते ओपनकोर्सवेअर या नावाने जाहीर झालं. उलटं उत्तर येऊ शकतं हे मान्य असेल तरच कमिटी नेमा, नाहीतर निर्णय सांगून मोकळे व्हा, लोक त्याचा राग तरी धरत नाहीत. मत मागून मग आधीच ठरलेलं जाहीर केलं की मात्र पुढच्या वेळी कुणी कागदावर काही लिहिणार नाही.

सुचलं, आता पुढे

ओन्ने यान्सन या संशोधकाने २००० मध्ये कामावरच्या नवेपणाचे तीन टप्पे धरले, सुचणं, त्याला पाठिंबा मिळवणं, आणि प्रत्यक्ष करणं. आपण सगळं लक्ष पहिल्या टप्प्यावर देतो, सूचनापेटी लावतो, आयडियांची स्पर्धा घेतो, बक्षीस देतो. माझ्या पाहण्यात बहुतेक गोष्टी मधल्या टप्प्यावर अडकतात, कारण पाठिंबा मिळवायला ओळख लागते, कुठल्या टेबलावर कोण बसतं हे माहीत लागतं, आणि क्लार्कला किंवा नव्या लेक्चररला ते नसतं, तुम्हाला असतं. म्हणजे इथे तुमचं काम फोन करायचं आहे. अकाउंट्सला तुम्ही बोला, परीक्षा नियंत्रकांची वेळ तुम्ही घ्या, आणि त्या भेटीला ज्याची आयडिया आहे त्यालाच घेऊन जा आणि त्यालाच बोलू द्या, तुम्ही बाजूला बसा.

करून बघायला घेताना एक पान पुरे. काय अडचण आहे, काय करणार, कुठल्या वर्गावर किंवा कामावर, किती दिवस, काय दिसलं तर चाललं म्हणायचं आणि काय दिसलं तर थांबायचं. शेवटच्या दोन ओळी सुरुवातीलाच लिहा, कारण नंतर प्रत्येकजण आपल्याला हवं ते बघतो. समजा ऑफिसातल्या कुणी सुचवलं की बोनाफाइड सर्टिफिकेटसाठी मुलांना तीन सह्या घेत फिरायला लागतं ते एका सहीवर आणूया, तर सगळ्या कॉलेजात लगेच लागू करू नका, एका विभागाची मुलं, एक महिना, रोज किती अर्ज आले आणि किती त्याच दिवशी निघाले एवढं मोजा, आणि काढलेल्या दोन सह्यांमुळे एकही चुकीचं सर्टिफिकेट गेलं का तेही बघा.

छोट्यावर करून बघायला कॉलेजएवढी सोयीची जागा क्वचित असेल. कार्ल वाइक यांनी १९७६ मध्येच लिहिलं होतं की शिक्षणसंस्थांचे भाग एकमेकांना सैल बांधलेले असतात, एका विभागात काही बदललं तरी दुसऱ्याला फारसा धक्का लागत नाही. प्रयोगासाठी हे फार छान, फसला तर नुकसान तिथल्या तिथे. पण याच कारणाने चाललेला प्रयोगही तिथल्या तिथेच राहतो, फिजिक्सवाल्यांनी सोडवलेली अडचण शेजारच्या इमारतीत इतिहासवाले अजून सोसत असतात. सर्क्युलरने हे पसरत नाही. ज्याने केलंय त्याला दुसऱ्या विभागात अर्धा दिवस बसायला पाठवा, किंवा त्यांच्यातल्या एकाला इथे बघायला बोलवा, आणि त्यांना त्यात त्यांच्या सोयीने बदल करू द्या.

वेळ. याशिवाय वरचं सगळं हवेत आहे. आधीच आठवड्याला अठरा तास शिकवून, पेपर तपासून, चार कमिट्यांवर असलेल्या माणसाला नवं काही करा म्हणणं म्हणजे त्याची रात्रीची झोप मागणं. नवीन काम दिलं की जुनं एक काम काढून घ्या, आणि ते कुठलं हे त्यालाच विचारा. एक कमिटी कमी करा, एक रिपोर्ट बंद करा, टाइमटेबलमध्ये दोन तास सलग मोकळे द्या, तुकड्या तुकड्यात मिळालेली वीस मिनिटं उपयोगाची नसतात. काही देता येत नसेल तर पुढच्या सेमिस्टरपर्यंत थांबा.

स्टुडंट फीडबॅक आणि अप्रेजल, इथे माणसं होरपळतात

शिकवण्यात काही नवं करणाऱ्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि याकडे फार कमी प्रमुख लक्ष देतात. हार्वर्डमध्ये लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी फिजिक्सच्या वर्गांवर प्रयोग केला, २०१९ मध्ये छापून आला, एका पद्धतीत नेहमीचं उत्तम लेक्चर आणि दुसऱ्या पद्धतीत मुलांनी स्वतः प्रश्न सोडवायचे. टेस्टमध्ये दुसऱ्या पद्धतीची मुलं जास्त शिकलेली दिसली, पण आपण किती शिकलो असं विचारलं तेव्हा त्यांना कमी शिकल्यासारखं वाटत होतं. स्वतः डोकं चालवायला लागलं की ते जड जातं आणि जड गेलं म्हणजे शिकवलं नीट नाही असं मुलांना वाटतं. आता विचार करा, तुमच्याकडे एखाद्या मॅडमनी लेक्चर सोडून असं काही सुरू केलं आणि सेमिस्टरच्या शेवटी त्यांचा फीडबॅक खाली आला, आणि तोच आकडा अप्रेजलमध्ये, म्हणजे त्यांच्या कामाच्या मूल्यमापनात गेला, तर त्या पुन्हा करतील का? बाकीचे बघणारे तरी करतील का?

यासाठी प्रयोग सुरू व्हायच्या आधी, म्हणजे निकाल माहीत नसताना, त्यांच्या फाइलला एक पत्र लावा की अमुक सेमिस्टरला अमुक वर्गावर विभागाच्या संमतीने नवी पद्धत वापरली जात आहे आणि त्या वर्गाचा फीडबॅक अप्रेजलमध्ये धरू नये. सही तुमची. फीडबॅक घ्यायचाच, वाचायचाही, पण त्याच्या शेजारी एखादी समजेची टेस्ट ठेवा, सुरुवातीला एक आणि शेवटी एक. हार्वर्डचेच एरिक माझूर मुलांचे लाडके शिक्षक होते, रेटिंग उत्तम होतं, तरी संकल्पनांची टेस्ट घेतली तेव्हा मुलांना मूळ फिजिक्स कळलेलंच नाही हे त्यांना दिसलं आणि १९९१ पासून त्यांनी मुलांनी एकमेकांना समजावून सांगायची पद्धत सुरू केली. नुसतं रेटिंग बघत बसले असते तर काही बदलायचं कारणच नव्हतं. आणि पहिल्या तासाला मुलांनाही सांगू द्या की हे जड वाटेल, का वाटेल, आणि त्याचा उपयोग काय.

प्रयोग फसला तर काय फसलं आणि का, यावर अर्धा तास बसा, दोषी शोधायला नाही, पुढे कुणी हे करायला घेतलं तर त्याला काय सांगायचं ते लिहून ठेवायला. चालला तर नाव त्या माणसाचं. रिपोर्टमध्ये, वेबसाइटवर, वरच्या मिटींगमध्ये, सगळीकडे. आमच्या विभागाने हे केलं असं म्हणायची आपल्याला सवय असते आणि त्यात वाईट हेतूही नसतो, पण ज्याचं नाव गेलं नाही त्याला ते वर्षानुवर्षं टोचतं. नॉन-टीचिंग स्टाफच्या बाबतीत तर डबल काळजी घ्या, त्यांचं श्रेय कुठल्यातरी सरांच्या नावावर जाणं इतकं सवयीचं झालंय की कुणाच्या लक्षातही येत नाही.

नाही कसं म्हणायचं, आणि कुठे थांबायचं

सगळ्यांना सामील करून घेणं म्हणजे सगळ्यांचं ऐकून सगळं मान्य करणं असं काही लोक धरतात आणि मग निर्णयच होत नाहीत, मिटींगवर मिटींग. निर्णय तुमचा आहे, तो घ्या. ज्या गोष्टी चर्चेला आहेत त्या आणि ज्या ठरलेल्या आहेत त्या सुरुवातीलाच वेगळ्या सांगा. नाही म्हणताना कारण खरं सांगा, पैसे नाहीत तर पैसे नाहीत, मला पटलं नाही तर पटलं नाही आणि का पटलं नाही. आणि काय बदललं तर हो म्हणाल तेही सांगा, म्हणजे त्या माणसाला काहीतरी हातात राहतं. लोकांना नकाराचा तितका त्रास होत नाही जितका उत्तरच न मिळण्याचा होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

दुसरं, उत्साही दोन तीन माणसांवर सगळं टाकू नका. प्रत्येक विभागात अशी माणसं असतात, कधी नाही म्हणत नाहीत, आणि आपण प्रत्येक नवी गोष्ट त्यांच्याच गळ्यात घालतो, मग ती थकतात आणि बाकीचे ते यांचंच काम म्हणून बाजूला होतात. आणि एका वेळी फार प्रयोग नकोत, विभागात एका सेमिस्टरला एक किंवा दोन. बंद केलेली गोष्ट हाही नवेपणाच धरा, एखादं कुणी न वाचणारं रजिस्टर बंद करणं ही फार मोठी गोष्ट असते आणि त्याने वेळ सुटतो.

हे सगळं चालतंय का हे कसं कळणार? वर्षाच्या शेवटी एक साधी वही काढा आणि बघा, सूचना कुणाकुणाकडून आल्या, सगळ्या त्याच चार सिनिअरांकडून की कंत्राटी, ऑफिस, लॅब, लायब्ररी इथूनही? किती जणांना ठरलेल्या तारखेला उत्तर मिळालं? एकदा नकार मिळालेला माणूस पुन्हा काही घेऊन आला का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. किती आयडिया यशस्वी झाल्या हा आकडा मात्र पहिल्या वर्षी काढूच नका, लोक मग फक्त खात्रीच्या गोष्टी सुचवायला लागतात.

वरचा साहेब ऐकणारा नसेल तर

हा प्रश्न मधल्या फळीतले एचओडी हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. तुम्ही खाली कितीही मोकळीक दिली तरी वरून दट्ट्या आला तर काय करायचं? जे तुमच्या सहीने होतं तिथून सुरू करा, टाइमटेबलची आतली आखणी, लॅबची व्यवस्था, विभागाच्या मिटींगची पद्धत, प्रॅक्टिकलचं नियोजन, ट्यूटोरियल, यातलं बरंच काही वर न विचारता करता येतं. वर जायची वेळ येईल तेव्हा आयडिया घेऊन जाऊ नका, करून बघितलेल्याचं एक पान घेऊन जा, किती वेळ वाचला, मुलांचं काय झालं, आणि पुढे काय मागताय. कुणी केलं त्याचं नाव त्या पानावर असू द्या, पण रागावून घ्यायची वेळ आली तर ते विभागप्रमुख म्हणून तुम्ही घ्या, आणि हे स्टाफला आधीच सांगून ठेवा. शेजारच्या विभागातला आणखी एखादा एचओडी तयार असेल तर दोघं मिळून जा, एकट्या विभागाची मागणी टाळता येते, दोन विभागांनी वेगवेगळ्या मुलांवर करून बघितलेलं टाळणं जरा अवघड जातं. तरीही नकार आला तर परत येऊन ज्याने ते सुचवलं त्याला त्याच दिवशी भेटा आणि वर काय बोलणं झालं ते जसंच्या तसं सांगा.